न बोलावता येणारा जॉबर

‘बाई, पण तुम्ही कारखान्यात नेमकं करायचात काय?’ हा प्रश्न मला लग्नात, बारशाला, बँकेच्या रांगेत, एवढंच काय दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून बसले असतानाही विचारला गेलाय. ‘कामगार कल्याण अधिकारी होते’ म्हटलं की लोक ‘अच्छा, अच्छा’ म्हणतात आणि लगेच पुढं विचारतात, ‘म्हणजे पगार तुम्ही काढायचात का?’ नाही हो! पगार काढणारे वेगळे, हजेरी घेणारे वेगळे. ज्या भानगडीला कुठलंच टेबल आपलं म्हणत नाही, ती माझ्या टेबलावर यायची. कॅन्टीनची आमटी पातळ झाली, बायकांच्या संडासाची कडी तुटली, कुणाचा नवरा पिऊन गेटवर तमाशा करतोय, चला, मॅडमना बोलवा. मालकांना वाटायचं मी कामगारांच्या बाजूची आणि कामगारांना वाटायचं मी मालकांची. दोन्हीकडचा संशय सारखा असला की मी खूश असायचे.

आमचा कारखाना चिंचोळी एमआयडीसीत, टॉवेलांचा. सकाळी सोलापुरातून कंपनीची बस भरून निघायची आणि बसमध्येच माझं ऑफिस सुरू व्हायचं. एकदा कॅन्टीनच्या नव्या ठेकेदारानं ताटातली शेंगाची चटणी काढून तिथं लोणचं ठेवलं. पहिल्या पाळीनं ताटं पालथी घातली! वरची मंडळी घाबरून ‘संप, संप’ करायला लागली. मी ठेकेदाराला म्हटलं, ‘बाबा, तू बाहेरचा आहेस म्हणून माफ. उद्या चटणी आण.’ चटणी आली, संप मिटला. आणखी एक विणकर होता, तो आवाजासाठी कानात घालायचे बोळे नेहमी दोन जोड मागायचा. का रे बाबा, तर म्हणे, ‘एक जोड घरी लागतीय मॅडम.’ दिले. कल्याण म्हणजे कल्याण, त्यात घरचं-दारचं काय करायचं!

असे किस्से सांगायला बसले तर दिवाळी उलटून जाईल. पण मला खरं सांगायचंय ते मल्लिनाथबद्दल. निवृत्त झाले तरी हा माणूस डोक्यातून जात नाही.

मल्लिनाथ मूळचा दुधनीचा. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. आमच्याकडं तो जॉबर होता. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. विणकर माग चालवतो, माग अडला की जॉबर पाना घेऊन येतो. आता शेडमध्ये मागांचा आवाज असा की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला निम्मंच कळणार. मग जॉबरला हाक कशी मारायची? तर आमच्याकडं चिंधीची रीत होती. माग कुरकुरायला लागला किंवा कापडात खोट दिसली की विणकरानं एक लाल चिंधी मागाच्या खांबाला बांधायची. लांबून चिंधी दिसली की जॉबर हजर. नव्या मागांना त्यासाठी दिवे आले होते, पण दिव्याकडं कोण बघतंय! चिंधीच चालायची.

मल्लिनाथ पहिल्यांदा माझ्याकडं आला तो डोकेदुखीची तक्रार घेऊन. नंतर पोट. नंतर चक्कर. प्रथमोपचाराच्या खोलीत त्याची एवढी ये-जा वाढली की तिथली नर्स म्हणाली, ‘ह्यांना इथंच एक खाट देऊन टाका.’ मी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, ‘मल्लिनाथ, खरं सांगा, होतंय काय?’

‘काय न्हाय मॅडम. चिंधीची वाट बघत बसायचं, हेच सोसंना. बसलं तर खात्याचे मास्तर म्हणत्यात बसलास का. आन चिंधी बांधली की समदे एकदम बोंबलत्यात, लवकर ये, लवकर ये. माग बिघडणार हे मला आदी कळतंय की. मग थांबू कशाला?’

‘मग थांबू नका,’ मी म्हटलं. त्यात माझं काय जात होतं?

आणि तो थांबायचा बंद झाला. पाळी सुरू झाली की दोन मागांमधल्या गल्लीतून एक फेरी मारायचा आणि प्रत्येक मागावर तळहात टेकवायचा. आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा. कुठं थरथर वेगळी लागली की तिथंच उकिडवं बसून नट आवळायचा, तेल घालायचा, घासलेला पट्टा बदलायचा. चिंधी बांधायची वेळच यायची नाही. आणि अहो, काय सांगू, माणूस बदलला! डोकं नाही, पोट नाही, चक्कर नाही. बसमध्ये गप्पा छाटायला लागला, गावाहून येताना सगळ्यांना हुरडा आणायला लागला. विणकर त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि तो लाजून पान्यानं डोकं खाजवायचा. आपण होऊन काम हातात घेतलं की माणूस खुलतो, हे मी समाजकार्याच्या वर्गात शिकले होते. मल्लिनाथच्या रूपानं ते डोळ्यांपुढं चालताना दिसत होतं. मला फार बरं वाटायचं त्याच्याकडं बघून.

ही झाली सुरुवातीची दोन-तीन वर्षं. पुढं काय होतं ते वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं असं झालं, की विणकरांची चिंधी बांधायची सवयच गेली. कशाला बांधायची? मल्लिनाथ येतोय की! माग जरा वेगळा वाजला तरी चालू ठेवायचा आणि गल्लीच्या टोकाकडं बघायचं. आधी लोकांना त्याचं कौतुक वाटायचं, मग हळूहळू तो आपला हक्कच वाटायला लागला. यायला जरा उशीर झाला तर तोंड वाकडं. ‘काय डॉक्टर, भाव वाढला का?’ दुसरे जॉबर वेगळेच फणफणायचे. ‘लई शहाणा. ह्याच्यामुळं आमी आळशी दिसतोय.’ डबा खाताना ते त्याच्या टेबलावर बसेनासे झाले.

आणि मास्तर! विणकाम खात्याच्या प्रमुखाला आमच्याकडं मास्तर म्हणतात. आमचे पवार मास्तर माणूस वाईट नव्हते, पण वरून ऑर्डरीची तारीख मानेवर बसलेली असायची. ते शेडमध्ये आले की बघायचे काय, तर मल्लिनाथच्या मागांवर एक चिंधी नाही, आणि हा बुवा हात लावत फिरतोय. मग त्यांनी हिशोब कसा केला? ह्याच्याकडं काम कमी आहे! दिली पलीकडची शेडही त्याच्याकडं. जे बिघडलंच नाही ते कुणाला दिसणार हो? दुसरा जॉबर घामाघूम होऊन बंद पडलेला माग चालू करायचा, त्याची पाठ थोपटली जायची. मल्लिनाथनं बंदच पडू दिला नाही, त्याचं कुणी नावही काढलं नाही. मी मास्तरांना एकदा म्हटलंही, ‘अहो, तुम्ही त्या माणसाला चांगुलपणाची शिक्षा देताय.’ ते म्हणाले, ‘मॅडम, त्यानं कधी नाही म्हटलंय का?’

तेच तर! तो नाही म्हणत नव्हता. नाही म्हणायला सुरुवात कुठून करायची हेच त्याला कळत नव्हतं. कुणी सांगितलेलं काम असलं तर माणूस ‘जमत नाही’ म्हणू शकतो. आपणच सुरू केलेलं कुणाला नाही म्हणणार?

एके दिवशी त्याची बायको शिवलीला गेटवर आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. मला वाटलं भांडण. आत बोलावून पाणी दिलं.

‘मॅडम, ह्यांना कायतरी सांगा. झोपच न्हाय. डोळा लागला की दचकून उठत्यात, आवाज बदलला म्हणत्यात. घरात कुटला आलाय माग? फ्रिजला हात लावून बसत्यात. शेजारणीची शिलाई मशीन वाजली की तिकडं जात्यात. परवा पोरीच्या पाठीला हात लावून बघत होते. ती म्हणाली, अप्पा, मी बरी हाय. तर रडले मॅडम. पोरीसमोर रडले.’

‘सुट्टीच्या दिवशी?’

‘कुटली सुट्टी? फोन येतोय, जात्यात. फोन न्हाय आला तर आपणच जात्यात. काल दवाखान्यात दाखवलं. रक्तदाब लई वाढलाय म्हणाले. असंच चाललं तर माणूस हाताला लागणार न्हाय, असं तोंडावर सांगितलं डॉक्टरनं.’

मी तिला चहा दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मनातल्या मनात मास्तरांना, विणकरांना आणि त्या अख्ख्या शेडला शिव्या घातल्या. त्याच दुपारी मी मल्लिनाथला गाठलं. म्हटलं, दोन दिवस घरी बसा. तर म्हणे, ‘बसतो मॅडम, येवढी ऑर्डर जाऊ द्या.’

ऑर्डर जायच्या आधी तो पडला. दोन शेडच्या मधल्या पायऱ्यांवर, भर दुपारी, हातात पाना. कंपनीच्या गाडीतून सोलापूरला हॉस्पिटलात नेलं. मी सोबत होते. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय असावं? ‘कोपऱ्यातल्या मागाचा पट्टा घासलाय, कुनाला तरी सांगा.’ मी त्याला गप्प बसवलं आणि बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले. हो, रडले. कल्याण अधिकाऱ्यालाही डोळे असतात.

जीव वाचला. पण इकडं कारखान्यात दुसरंच रामायण झालं. मल्लिनाथ नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी कुणी चिंधी बांधली नाही! प्रत्येक विणकराला वाटलं, त्याच्या जागचा माणूस फेरी मारून बघून गेला असणार. त्याच्या जागी आलेल्या जॉबरला वाटलं, चिंधी नाही म्हणजे सगळं ठीक. एवढ्या माणसांच्या डोळ्यांदेखत माग खोटीचं कापड काढत राहिले आणि परदेशी जायच्या टॉवेलांवर आडवे पट्टे पडले. माल नाकारला गेला. वरून मास्तरांवर जाळ आला, आणि मास्तरांनी तो खाली ढकलला. हॉस्पिटलातून घरी आलेल्या मल्लिनाथला कारणे दाखवा नोटीस! काय तर म्हणे, नेमून दिलेली पद्धत सोडून स्वतःच्या मनानं काम केलं आणि कामगारांना वाईट सवय लावली.

माझं डोकंच फिरलं. मी मास्तरांच्या केबिनमध्ये गेले आणि काय काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘मॅडम, मला वर कुणाचं तरी नाव द्यावं लागतं.’ चेहरा पांढराफटक पडला होता त्यांचा. त्यांनाही झोप नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग माझा आवाज आपोआप खाली आला.

चौकशी झाली. मी बसले होते. मल्लिनाथ इस्त्रीचा शर्ट घालून आला, अंगानं निम्मा झालेला. त्याच्या बाजूनं बोलायला मी मुद्दे काढून बसले होते, पण त्यानं मला बोलूच दिलं नाही. उभा राहिला, हात जोडले.

‘चुकलं साहेब. हितून पुढं सांगितल्याबिगर कशालाच हात लावनार न्हाय.’

सगळ्यांना हायसं वाटलं. नोटीस मागं घेतली, मास्तरांनी त्याला पाणीसुद्धा दिलं. फक्त मला मेलं चैन पडेना.

आणि तो बोलला तसाच वागला. हत्यारांच्या पेटीशेजारी स्टुलावर बसायचा, हात मांडीवर. चिंधी दिसली की उठायचा, माग नीट करायचा, परत स्टूल. समोरच्या मागाची थरथर बदललेली त्याला कळत असणार, पण मान खाली. फोन बंद, सुट्टी सुट्टीसारखी, रक्तदाबही उतरला. डॉक्टर खूश. मास्तर खूश. मी शिवलीलाला फोन केला, म्हटलं, ‘आता झोपतात ना?’

‘न्हाय मॅडम. आता नुसतं छताकडं बघत पडत्यात. आदी मागाचं तरी बोलायचे, आता कायच बोलत न्हाईत. पोरगी म्हनती, अप्पा पाहुन्यासारखे राहत्यात.’

मग मात्र मला राहवेना. ह्या माणसाचा दोष काय होता? त्याला काम आवडत होतं, एवढाच. पहिल्यांदा आम्ही त्याचा तो हात फुकटात वापरून घेतला आणि मग तोच हात बांधून ठेवला. हात मोकळा ठेवून माणूस वाचवता येतो का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता, आणि निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते.

मी शेडमध्ये गेले, ती थेट नरसय्याकडं. नरसय्या आमचा सगळ्यात जुना विणकर, घरात तेलुगू, पिढ्यान् पिढ्या मागावरचं घराणं. त्याचं शेडमध्ये सगळे ऐकायचे. पाळी सुटल्यावर त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं, ‘नरसय्या, चिंधी बांधायला हात दुखत होते का रे सगळ्यांचे?’

त्यानं तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, ‘दुखत नव्हतं मॅडम. लाड झाला आमचा. तो नको म्हनत नव्हता, आमी थांबत नव्हतो. त्याला पाडलं आमीच.’

‘मग आता उचला.’

‘सांगतो की सगळ्यांना. पन मास्तरचं तुमी बघा.’

मास्तरांचं मी बघितलं. चहा मागवला, भांडण बाजूला ठेवलं. म्हटलं, पाळीच्या सुरुवातीची एक फेरी मल्लिनाथची, हात लावून बघायची, आणि ते त्याचं काम म्हणून धरायचं, रिकामटेकडेपणा म्हणून नाही. त्याच्याबरोबर दुसरा एक जॉबर फिरेल, शिकेल. फेरी संपली की बाकी दिवसभर चिंधी, आणि ती विणकरानंच बांधायची. पलीकडची शेड काढून घ्यायची. आणि सुट्टीच्या दिवशी त्याला फोन करायचा नाही. कुणीही नाही. तुम्हीही नाही.

‘हे कुठल्या नियमात बसतं मॅडम?’

‘बसवा. इतकी वर्षं माझं काय काय बसवलंत, हेही बसवा.’

मास्तरांनी कपाळाला हात लावला, पण होकार दिला. शेवटचं कलम मात्र त्यांना जड गेलं. ‘अगदीच अडलं तर?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘अगदीच अडलं तर आपण आहोत ना.’ आपण म्हणजे कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मल्लिनाथला बोलावून सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना. ‘हात लावू? चालतंय?’ असं दोनदा विचारलं त्यानं. पहिल्या दिवशी तो गल्लीतून चालला तेव्हा विणकर माग चालवता चालवता त्याच्याकडं बघत होते आणि तो कुणाकडंच बघत नव्हता. तिसऱ्या-चौथ्या मागापाशी थबकला, हात टेकवला, बरोबरच्या जॉबरचा हात धरून तिथं ठेवला आणि त्याच्या कानात काहीतरी ओरडला. काय ओरडला ते ऐकू आलं नाही. पण चेहऱ्यावर काहीतरी परत आलेलं मी लांबूनही पाहिलं.

तरी मला खात्री नव्हती. ही माणसं पुन्हा घसरतात. शेडही घसरते, मास्तरही घसरतात, आणि सगळ्यात आधी मल्लिनाथच घसरेल, ही भीती मला होती.

व्हायचं तेच झालं. त्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी एक माग असा अडला की तिथल्या जॉबरांना उमगेना. ऑर्डर अंगावर होती. मास्तर घाईघाईनं माझ्या खोलीत आले. त्यांनी स्वतः फोन केला नव्हता, शब्द पाळला होता, हे मी मान्य करते. पण म्हणाले, ‘मॅडम, एकदाच. फक्त विचारायचंय. तुम्ही केलात तर तो रागावणार नाही.’

माग खरोखर अडला होता. आणि मल्लिनाथ आनंदानं धावत आला असता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याचीच तर मला धास्ती होती. मी फोन लावला. तो शिवलीलानं उचलला.

‘मॅडम, हे झोपल्यात,’ ती अगदी हळू आवाजात म्हणाली. ‘जेवून आडवे झाले ते गाढ झोपल्यात. घोरत्यात की! पोरगी बसलीया शेजारी वारा घालत. उठवू का?’

मास्तर समोर उभे, डोळे माझ्या तोंडाकडं. इतक्या वर्षांत मी मालकांशी भांडले, कामगारांवर ओरडले, पण कुणाशी धडधडीत खोटं बोलले नव्हते.

फोन कानाला तसाच धरून मी मास्तरांना म्हटलं, ‘लागत नाहीये हो.’

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. फोनमधून शिवलीलाचा आवाज त्यांना ऐकू आला असणारच, एवढ्याशा खोलीत न यायला काय झालं! पण ते एवढंच म्हणाले, ‘रेंज नसेल त्याच्याकडं,’ आणि बाह्या वर सारत स्वतःच शेडकडं चालू पडले.

‘मॅडम?’ शिवलीला पलीकडून विचारत होती. ‘उठवू न्हवं?’

‘उठवलंस तर याद राख,’ मी म्हटलं. ‘पंखा लाव, आणि पोरीला म्हणावं, तूही झोप.’